पाण्यातला निळा उजेड मोजून अणुभट्टीची पॉवर कळते का?

वर्गातला_खडू (धागाकर्ता), १२ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवतो. मागच्या आठवड्यात दहावीला ऊर्जेचा धडा चालू होता, तेव्हा मोबाईलवर पूल टाइप, म्हणजे उघड्या पाण्याच्या तलावात बसवलेल्या, अणुभट्टीचं छायाचित्र दाखवलं. खोल पाणी, तळाशी इंधनाची चौकट आणि तिच्याभोवती असा निळा उजेड, की मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली. "सर, खाली बल्ब लावला का?" हा पहिला प्रश्न. बल्ब नाही म्हटल्यावर एका मुलीने विचारलं, "मग भट्टी जास्त जोरात चालवली तर उजेड वाढत असेल ना? उजेड मोजला की भट्टीचा जोर कळेल का?"

तिला म्हटलं, आठ दिवस दे. चार रात्री वाचत बसलोय. समजलं ते आधी लिहितो, जिथे अडलो ते शेवटी.

प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर. पाण्यात तो सव्वादोन लाखांच्या आसपास येतो. निर्वातातला वेग कुणालाच ओलांडता येत नाही, पण पाण्यात मंदावलेल्या प्रकाशाला मागे टाकायला निसर्गाची आडकाठी नाही. इलेक्ट्रॉनकडे सुमारे २ लाख ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट (म्हणजे ०.२६ एमईव्ही) गतिज ऊर्जा असली, की तो पाण्यात प्रकाशाच्या पुढे धावतो. वैनगंगेत डोंगा वेगाने गेला की त्याच्या मागे लाटांची पाचर उमटते, तशी या इलेक्ट्रॉनच्या मागे प्रकाशाची पाचर उमटते. पाण्यात तिचा कोन साधारण ४१ अंश. या प्रकाशात लांब लहरींपेक्षा आखूड लहरींचे कण जास्त असतात, म्हणून डोळ्याला निळा दिसतो. खरं तर त्यातला बराच भाग अतिनील असतो आणि तो आपल्याला दिसतच नाही.

पावेल चेरेंकोव्ह यांनी १९३४ मध्ये सर्गेई वाविलोव्ह यांच्या हाताखाली काम करताना हा उजेड नीट तपासला, म्हणून त्याला चेरेंकोव्ह प्रकाश म्हणतात. प्रयोगाआधी ते तासभर काळोखात बसून डोळे सरावून घेत. इल्या फ्रँक आणि इगोर टाम यांनी १९३७ मध्ये त्याचं गणित मांडलं. १९५८ चं नोबेल या तिघांना मिळालं. वाविलोव्ह १९५१ मध्येच वारले होते. विद्यार्थ्याला दिशा देणारा शिक्षक त्या यादीत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटली.

आता अडलो कुठे? भट्टीची पॉवर वाढली की विखंडनं (इंधनातल्या अणूंचं तुटणं) वाढतात, विखंडनं वाढली की वेगवान इलेक्ट्रॉन वाढतात, ते वाढले की उजेड वाढतो. हे सरळ दिसतं. मग सगळीकडे न्यूट्रॉन मोजायची यंत्रं का लावतात? पाण्याच्या वर एक प्रकाशमापक टांगला तर काम होणार नाही का? कुणी असं करतं का?

---

संत्र्याचा_आंबिया, १२ जुलै, रात्री १०:१५

सर, पोरीचा प्रश्न लय भारी हाय. मले अणुभट्टीतलं काई समजत नाई, पन तिचा प्रश्न आमच्या इहिरीवर रोज पडते. वरुडकडे संत्र्याचा बगीचा हाय माहा. मोटारीच्या पेटीत अँपियर मीटर हाय. मोटार किती करंट घेते ते काटा दाखवते. पन पानी किती पडून रायलं ते काटा सांगत नाई. व्होल्टेज कमी आलं तरी अँपियर वाढते, इहिरीतलं पानी खाली गेलं की अँपियर पडते. म्हनून म्या काय केलं? दोनशे लिटरचा ड्रम ठेवला, घड्याळ धरलं, ड्रम किती सेकंदात भरते ते पायलं आन् तवा काटा कुठं होता ते पेटीवर खडूनं लिहून ठेवलं. आता काटा पायला की पान्याचा अंदाज येते. पन दर दोन महिन्यानं ड्रम पुन्हा लावा लागते.

तुमच्या उजेडाचा ड्रम कोनता, ते सांगा कोनी.

---

आर्वीचा_जुना_ऑपरेटर, १३ जुलै, सकाळी ६:५०

संत्रावाले भाऊ, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलं. उजेडाचा ड्रम म्हणजे उष्णता.

मी संशोधन अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी केली, आता निवृत्त होऊन आर्वीजवळ गावी राहतो. सर, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की तिला सुचलं ते खरोखर केलं जातं. उघड्या तलावाच्या संशोधन भट्ट्यांवर, विशेषतः ट्रायगा प्रकारच्या भट्ट्यांवर, वर फोटोडायोड किंवा फोटोमल्टिप्लायर (उजेड मोजणारी साधनं) लावून चेरेंकोव्ह प्रकाशावरून पॉवर मोजण्याचं काम झालेलं आहे. ट्रायगामध्ये काही मिलिसेकंदांची पॉवरची उसळी मुद्दाम देता येते. तेव्हा अख्खा तलाव क्षणभर निळा पेटतो आणि प्रकाशमापक ती उसळी छान टिपतो.

आता ड्रम. भट्टीतून जाणारं पाणी सेकंदाला किती किलो, आत जाताना किती अंशाचं, बाहेर येताना किती अंशाचं, एवढं कळलं की उष्णता निघते. समजा पॉवर १ मेगावॅट आणि प्रवाह सेकंदाला ४० किलो. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल धरा. १००० भागिले (४० गुणिले ४.१८), म्हणजे पाणी साधारण ६ अंशांनी तापतं. आता तापमापकांच्या जोडीत फक्त ०.३ अंशाची चूक असेल तर पॉवरमध्ये ५ टक्के चूक झाली. शिवाय पाणी तापायला वेळ लागतो. म्हणजे ड्रम खरा, पण सावकाश. पॉवर अचानक चढली तर पाणी तापेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून झटपट सांगणारा काटा वेगळा लागतो, आणि त्या काट्याला ड्रमने अधूनमधून खरं करावं लागतं.

हा झटपट काटा म्हणजे न्यूट्रॉनमापक. फिशन चेंबर, आयन चेंबर वगैरे. त्यांचं मोठं बळ त्यांच्या पल्ल्यात आहे. भट्टी सुरू होताना पॉवर वॅटच्याही खाली असते, तिथपासून मेगावॅटपर्यंत न्यूट्रॉन मोजत जावे लागतात. एका वॅटला सेकंदाला साधारण ३१ अब्ज विखंडनं होतात, म्हणून अगदी खालच्या पायरीलाही मोजायला न्यूट्रॉन मिळतात. उजेड मात्र तिथे कामाचा नाही. का, ते सावकाश लिहितो, आता देवपूजा व्हायची आहे.

---

बॉयलरच्या_बाजूला, १३ जुलै, दुपारी २:०५

चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या वीज केंद्रात काम करतो, ड्युटीवरून आलो आणि हा धागा दिसला. आमच्याकडे उजेड पाहणारं यंत्र आहेच. फ्लेम स्कॅनर. बॉयलरच्या कोपऱ्यांत ज्योत पेटलेली आहे की नाही, ते तो प्रकाशावरून सांगतो. तो "आहे" किंवा "नाही" म्हणतो, किती मेगावॅट ते त्याला कुणी विचारत नाही. कारण साधं. त्याच्या भिंगावर राख बसते. थंड हवा मारून भिंग साफ ठेवतात, पण ती हवा कमी पडली की ज्योत असूनही स्कॅनर "ज्योत गेली" म्हणतो. एकदा रात्रपाळीत आमचं युनिट असंच ट्रिप (आपोआप बंद) झालं होतं. आग जोरात होती, डोळा आंधळा झाला होता.

म्हणून ऑपरेटर काकांना विचारतो, तुमच्या तलावात राख नाही, पण पाण्याचं काय? आमच्याकडे बॉयलरचं पाणी क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटमधून येतं, तरी त्यावर चोवीस तास नजर ठेवावी लागते.

---

आर्वीचा_जुना_ऑपरेटर, १३ जुलै, सायंकाळी ७:३०

भाऊ, तुमचा आंधळा डोळा हाच इथला मोठा प्रश्न आहे. तलावाचं पाणीही क्षारमुक्त असतं, आयन एक्स्चेंजरमधून सतत फिरवून साफ ठेवतात. तरी इंधन ते पृष्ठभाग हे अंतर काही मीटरचं. पाणी जरा मळकट झालं की वर पोहोचणारा उजेड कमी, आणि काटा म्हणतो पॉवर कमी. पॉवर तर तेवढीच आहे. चूक धोक्याच्या बाजूची आहे, हे लक्षात घ्या. खोटी कमी पॉवर दाखवणारा काटा हा खोटी जास्त दाखवणाऱ्यापेक्षा वाईट.

पृष्ठभागावर तरंग असले की उजेड थरथरतो. हॉलमधले दिवे मोजमापात मिसळतात. मापक पाण्यात खाली नेला तर अंतर कमी होतं, पण तिथे गॅमा किरणांनी साधी काच तपकिरी पडते आणि डोळा पुन्हा आंधळा होतो. म्हणून शुद्ध सिलिकाची काच वापरा, किंवा आरसा आणि नळी लावून इलेक्ट्रॉनिक्स दूर ठेवा, असे उपाय करतात.

चांगली बाजूही सांगतो, कारण मला ही पद्धत मनापासून आवडते. मापक गाभ्यापासून, म्हणजे इंधनाच्या चौकटीपासून, लांब राहतो. त्याचा प्रतिसाद तत्काळ असतो. आणि न्यूट्रॉन चेंबर एका कोपऱ्यात बसलेला असतो, त्याच्या जवळचा कंट्रोल रॉड (भट्टीचा जोर कमी-जास्त करणारी सळई) वरखाली झाला की त्याच्यावर जणू सावली पडते, पॉवर तीच असूनही काटा हलतो. वरून पाहणारा प्रकाशमापक सगळा गाभा एकदम पाहतो, त्याला ही सावली कमी बाधते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो वेगळ्या जातीचा साक्षीदार आहे. सुरक्षेसाठी तीन चॅनेल लावून त्यातल्या दोघांचं ऐकायची पद्धत असते, पण तिन्ही एकाच जातीचे असले तर तिघांना एकच आजार होऊ शकतो. न्यूट्रॉन, उष्णता आणि उजेड हे तिघे तीन वेगवेगळ्या कारणांनी चुकतात.

---

निळी_शाई, १३ जुलै, रात्री ८:५५

काका, मी अमरावतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर अचलपूर तालुक्यात. तुम्ही "उजेड खालच्या पायरीला कामाचा नाही" म्हणालात ते राहिलं. आणि हे वेगवान इलेक्ट्रॉन नेमके कुठून येतात? इंधनातले बीटा कण (म्हणजे तिथून सुटणारे इलेक्ट्रॉन) तर आवरणातच अडकत असतील ना?

---

आर्वीचा_जुना_ऑपरेटर, १३ जुलै, रात्री १०:२०

बरोबर पकडलंस बेटा. इंधनातले बहुतेक बीटा कण इंधनात आणि त्याच्या धातूच्या आवरणात थांबतात. बाहेर येतात ते गॅमा किरण. गॅमा पाण्यातल्या इलेक्ट्रॉनला धडकतो आणि त्याला आपली ऊर्जा देतो, हाच कॉम्प्टन परिणाम. इलेक्ट्रॉनला ०.२६ एमईव्ही मिळायला हवेत, म्हणजे गॅमा निदान ०.४२ एमईव्हीचा हवा. त्याखालचे गॅमा उजेडाच्या हिशेबात येत नाहीत.

आता कळीचा मुद्दा. एका विखंडनातून एकूण सुमारे २०० एमईव्ही ऊर्जा सुटते. त्यातले साधारण ७ एमईव्ही विखंडनाच्या क्षणीच गॅमा म्हणून निघतात. आणि जवळपास तेवढेच गॅमा नंतर, तुटलेले तुकडे क्षय पावत असताना, काही सेकंदांपासून कित्येक वर्षांपर्यंत निघत राहतात. म्हणजे आत्ता दिसणाऱ्या उजेडात एक वाटा आत्ताच्या पॉवरचा आणि एक वाटा काल-परवाच्या पॉवरचा.

म्हणूनच भट्टी बंद केली तरी तलाव एकदम काळा होत नाही. रॉड पडले की उजेड झटकन खाली येतो आणि मग मंद निळाई रेंगाळत राहते. मी ते कित्येकदा पाहिलं आहे. रात्रपाळीत वरचे दिवे घालवून तलावावर आडव्या टाकलेल्या पुलावर उभं राहिलं की खाली ती निळाई दिसायची. त्या वेळी मनात दुसरं काही येत नसे.

दीर्घकाळ चाललेली भट्टी बंद केल्यावर त्या क्षणी तिची उष्णताही ६-७ टक्के उरते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते. आता समज, काल १ मेगावॅटवर चाललेली भट्टी आज १०० वॅटवर आणली. प्रकाशमापकाला दिसणारा उजेड जवळजवळ सगळा कालचा असेल, आजचे १०० वॅट त्यात बुडून जातील. म्हणून उजेडावरची मोजणी वरच्या पॉवरला, आणि पॉवर बराच वेळ स्थिर ठेवल्यावरच भरवशाची. तिथे ती चांगली सरळ रेषेत येते.

---

मेळघाटी, १४ जुलै, सकाळी ९:१०

सर्वांना नमस्कार. मी धारणीकडे आश्रमशाळेत अधीक्षक आहे. लहानपणी ऐकलं होतं, निळा उजेड ज्याला दिसला तो माणूस जगत नाही. मग ऑपरेटर काका पुलावर उभे राहून पाहत होते ते कसं? मुलांना सांगताना चुकीचं जाऊ नये म्हणून विचारतो.

---

आर्वीचा_जुना_ऑपरेटर, १४ जुलै, दुपारी १२:४०

अधीक्षक साहेब, विचारलंत हे फार बरं केलं. ती गोष्ट दुसऱ्या निळ्या उजेडाची आहे. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत २१ मे १९४६ ला लुईस स्लॉटिन यांच्या हातून प्लुटोनियमच्या गोळ्याचा प्रयोग करताना अपघात झाला, निळा झगारा दिसला आणि नऊ दिवसांनी ते वारले. तो झगारा मुख्यतः हवा आयनित होऊन आलेला. तिथे माणूस आणि गोळा यांच्यामध्ये काहीच नव्हतं. तलावात मात्र काही मीटर पाणी आडवं असतं. ते गॅमा आणि न्यूट्रॉन अडवतं आणि दिसणारा उजेड तेवढा वर येऊ देतं. तरी आम्ही डोसमापक लावल्याशिवाय त्या हॉलमध्ये पाऊल टाकत नसू.

आपल्या तुर्भ्याची अप्सरा अशीच तलावातली भट्टी होती. ४ ऑगस्ट १९५६ ला ती पहिल्यांदा चालू झाली. त्या निळ्या उजेडावरूनच पंडित नेहरूंनी अप्सरा हे नाव दिलं असं सांगतात. ती २००९ मध्ये बंद झाली आणि १० सप्टेंबर २०१८ ला नवी, २ मेगावॅटची अप्सरा-यू सुरू झाली.

---

बॉयलरच्या_बाजूला, १४ जुलै, रात्री ११:३०

म्हणजे तारापूरसारख्या वीज बनवणाऱ्या भट्टीत हे चालणार नाही, बरोबर? तिथे गाभा जाड पोलादी पात्रात बंद.

---

आर्वीचा_जुना_ऑपरेटर, १५ जुलै, सकाळी ७:००

बरोबर. चालू असताना आत डोकावता येत नाही. तिथे न्यूट्रॉन, उष्णता आणि नायट्रोजन-१६ यांचा आधार असतो. पाण्यातल्या ऑक्सिजनला वेगवान न्यूट्रॉन लागला की नायट्रोजन-१६ बनतो, त्याचं अर्धायुष्य ७ सेकंदांच्या आसपास आणि त्याचा गॅमा ६.१ एमईव्हीचा. म्हणजे पाणीच पॉवरची खबर पाइपातून बाहेर घेऊन येतं.

पण वापरलेलं इंधन ज्या तलावात ठेवतात तिथे हाच निळा उजेड कामाला येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक अतिनील प्रकाश पाहणारा खास कॅमेरा तलावावर धरतात आणि जुळणीच्या (इंधन सळ्यांच्या जुडग्याच्या) बरोबर वरून पाहतात. खरं वापरलेलं इंधन असेल तर सळ्यांमधल्या फटींतून ठरावीक नमुन्याचा उजेड वर येतो. जसजशी वर्षं जातात तसा तो मंदावतो. शेजारच्या जुळणीचा उजेडही आत शिरतो, म्हणून नुसत्या तेजावर निकाल देत नाहीत, नमुना पाहतात.

---

वर्गातला_खडू, १९ जुलै, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. वाचून राहवेना, म्हणून वर्गात एक प्रयोग केला. खरा चेरेंकोव्ह उजेड शाळेत आणता येणार नाही, पण मोजणीचे सगळे खाचखळगे आणता येतात.

मोठी काळी बादली. तळाशी काचेच्या बरणीत सहा निळे एलईडी, प्रत्येकाला वेगळं बटण. वर लाकडी पट्टीवर मोबाईल उलटा, त्यात प्रकाश मोजायचं ॲप. दुपारी लाइन गेली होती, दारं-खिडक्या लावल्या आणि चेरेंकोव्हसारखे आम्हीही आधी पंधरा मिनिटं काळोखात बसलो. एक एलईडी, दोन, तीन, असं सहापर्यंत. फळ्यावर आलेख काढला तर बिंदू जवळपास सरळ रेषेत. वर्गात एकदम गलका झाला.

मग शेतातली काळी माती अर्धा चमचा टाकली. सहा एलईडी चालू असताना आकडा मघाच्या तीनच्याही खाली. प्रश्न विचारणारी मुलगी फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, "आता कुणी नुसता मोबाईल पाहिला तर म्हणेल, भट्टी अर्ध्यावर चालू आहे." बोटाने पाणी हलवलं तर आकडा नाचायला लागला. मुलांनीच सुचवलं की एलईडीच्या वायरीत ॲमीटर लावा, तो आमचा दुसरा साक्षीदार. वरुडच्या भाऊंचा ड्रम त्यांना तोंडपाठ झालाय.

आता उरलेला उजेड कसा दाखवायचा? मुलांनी घरून अंधारात चमकणारी चांदण्यांची स्टिकर आणली, इकडे त्यांना सगळे रेडियमच म्हणतात. त्यात रेडियम नसतं आणि चमकण्याचं कारणही वेगळं, हे आधी स्पष्ट केलं. बरणीभोवती चिकटवली. एलईडी दहा मिनिटं चालू ठेवून एकदम बंद केले. बरणी अंधुक हिरवी दिसत राहिली, पण मोबाईलचा आकडा शून्यावर गेला. डोळ्यांना दिसतंय आणि मापकाला दिसत नाही. तिथे मी अडकलो.

---

निळी_शाई, १९ जुलै, रात्री ९:४०

सर, मोबाईलचा प्रकाशमापक खोलीतल्या उजेडासाठी बनवलेला असतो, एवढा मंद उजेड त्याच्या पल्ल्याबाहेर जातो. मोठ्या क्षेत्रफळाचा सिलिकॉन फोटोडायोड घ्या आणि मल्टिमीटर मायक्रोॲम्पिअरवर लावा. आधी पूर्ण काळोखातलं वाचन घ्या आणि ते प्रत्येक आकड्यातून वजा करा. चांदण्या दर अर्ध्या मिनिटाला मोजल्या तर उतरता वक्र मिळेल.

---

संत्र्याचा_आंबिया, १९ जुलै, रात्री १०:०५

सर, पोट्ट्याहीले माहा ड्रम आवडला, लय बरं वाटलं. त्या पोरीले सांगा, बगीचा पायाले ये म्हना. पेटीवरचे खडूचे आकडे अजून हायेत.

---

आर्वीचा_जुना_ऑपरेटर, २० जुलै, सकाळी ६:३०

खडू सर, माझ्याकडे एक फोटोडायोड आणि चांगला मल्टिमीटर पडून आहे. येत्या शनिवारी घेऊन येतो, मुलांनाही भेटेन. स्टिकर सूर्यप्रकाशात ठेवू नका, शुक्रवारपासून कपाटात बंद ठेवा, म्हणजे त्यांच्यात आधीचा उजेड उरणार नाही. पुलगाववरून दारव्ह्याची थेट एसटी मिळते का, की यवतमाळला बदलावी लागेल?

---

वर्गातला_खडू, २० जुलै, सकाळी ७:१५

काका, यवतमाळला बदला, तिथून दारव्ह्याला गाड्या आहेत. मी स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा राहतो. स्टिकर आजच कपाटात ठेवतो.